दांडी कुणाकडे वळली

५ मार्च

प्रिय चिंगे,

फोनवर "गिऱ्हाईक आलंय" म्हणून तू मध्येच ठेवून दिलास, तेव्हा आता पत्रच लिहितो. आई म्हणायचीच, तुम्ही दोघं भावंडं फोनवर एकमेकांच्या तोंडातलं वाक्य हिसकावता, त्यापेक्षा लिहीत जा, निदान समोरच्याचं संपेपर्यंत गप्प तरी बसाल.

तर बातमी अशी, की मी सोनं शोधायचं यंत्र घेतलं. हसू नकोस. निम्मा वाटा तुझ्या वहिनीच्या भावाचा आहे. तोच त्या यंत्रवाल्याला घेऊन आला होता. पिस्तुलासारखी मूठ, तिच्या पुढं फूटभर लांब दांडी, आणि ती दांडी बेअरिंगवर लोण्यासारखी फिरते. मुठीत एक खाच आहे, तिच्यात सोन्याचं कार्ड सरकवायचं. चांदीचं कार्ड वेगळं, पाण्याचं वेगळं. सेल नाही, वायर नाही. माणसाच्या अंगात जी वीज असते तिच्यावर चालतं. सोनं वीस किलोमीटरवर असलं तरी दांडी आपोआप तिकडे वळते.

तू लगेच म्हणशील, दादाला कुणीतरी टोपी घातली. अगं, मी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. वीतभर बांधासाठी गळा धरणारी माणसं मी पाहिलीत. मला टोपी घालणारा अजून जन्मायचाय. यंत्रवाल्यानं टेबलावर तीन कप पालथे घातले, एकाखाली अंगठी ठेवली, आणि यंत्र माझ्या हातात दिलं. दांडी थेट त्या कपाकडे! तीनदा करून पाहिलं, तीनदा बरोबर.

मेहुण्याच्या डोक्यात पडक्या गढ्या, जुने बुरूज असलं काहीबाही आहे. माझं म्हणशील तर मला घरचंच बघायचंय. आईच्या गळ्यातला गोफ ती गेल्यापासून सापडलेला नाही, हे तुला माहीतच आहे. वर्ष झालं.

यंत्र सध्या दाराआडच्या माझ्या खिळ्याला, मोजणीच्या थैलीशेजारी अडकवलंय. म्हणजे घरात कुणी हात लावणार नाही.

तुझा,
दादा


१२ मार्च

प्रिय दादा,

पत्र वाचून मी एवढी हसले, की दुकानात चष्मा लावून बघत असलेल्या बाईंना वाटलं, त्यांनाच हसतेय. फ्रेम ठेवून गेल्या. म्हणजे तुझ्या यंत्रानं पहिलं गिऱ्हाईक पळवलं ते माझं.

आता माझं ऐक. माझ्या दुकानात एक आजोबा येतात. नंबर तपासायला बसले की खालची सगळ्यात बारीक ओळ खडाखडा वाचतात. आणि उठून जाताना दाराऐवजी काचेवर आपटतात. मला कळेना, हे काय गौडबंगाल. मग लक्षात आलं, की रांगेत बसल्या बसल्या पुढच्याचं वाचन ऐकून ते सगळा तक्ता पाठ करतात. लबाड नाहीत हं, त्यांना खरंच वाटतं की दिसतंय. तेव्हापासून मी दुसरा तक्ता ठेवलाय. माणूस खुर्चीत बसला, की आधीचा काढायचा आणि हा लावायचा. आणि तू रे? मागच्या खेपेला तूही पाठ केलेलं वाचलंस आणि जुनाच नंबर घेऊन बाहेर जाऊन कुणाच्या स्कूटरवर धडकलास. विसरलास?

म्हणून विचारते. यंत्रवाल्यानं कपाखाली अंगठी ठेवली, तेव्हा तू बघत होतास ना? म्हणजे कुठला कप ते तुला माहीत होतं. मग दांडीनं काय मोठे दिवे लावले?

दुसरं. ओळंबा हातात धरून कधी माप घेतलंस का? लहानपणी मी तुझ्या थैलीतला तो ओळंबा काढून हातानं धरला होता, तेव्हा आधी कानफटात दिलीस आणि मग समजावलंस, की ओळंबा तीन पायांच्या तिकाटण्याला टांगायचा असतो. हात स्थिर आहे असं धरणाऱ्याला वाटतं, पण हात कधीच स्थिर नसतो, हे तुझेच शब्द. माझा कान अजून त्या दिवसाची आठवण ठेवून आहे. आता तीच दोरी बेअरिंगवर बसवून कुणी विकली, तर तू घेतलीस?

आणि तिसरं, तुझा तो डाव्या बाजूचा सोन्याचा दात. वीस किलोमीटरवरचं सोनं दिसतं आणि वीतभरावरचं, तुझ्याच तोंडातलं दिसत नाही?

गोफाचं म्हणशील तर मलाही रोज वाटतं, की तो सापडावा.

तुझी,
चिंगी


२१ मार्च

प्रिय चिंगे,

तुझ्या सगळ्या शंका मी यंत्रवाल्याला फोनवर वाचून दाखवल्या. तो म्हणाला, ताई हुशार आहेत. दाताचं उत्तर असं, की वापरणाऱ्याच्या अंगावरचं सोनं यंत्राला ओळखीचं होतं, म्हणून ते सोडून देतं. आहे ना पटण्यासारखं? कपाचं म्हणशील तर सुरुवातीला यंत्राला हाताची सवय व्हावी लागते, म्हणून माहीत असलेल्या ठिकाणापासून आरंभ करतात. ढग असले, जवळ मोबाईलचा टॉवर असला, जमीन ओली असली, तर थोडं इकडेतिकडे होतं.

ओळंब्याचं तू बोललीस ते मात्र मला लागलं. दोन दिवस यंत्र खिळ्यावरून काढलं नाही. पण यात फरक आहे. ओळंबा कुठंही डुलतो. ही दांडी दर वेळी एकाच बाजूला जाते.

होय, एकाच बाजूला. आपल्या घरात कुठंही उभा राहिलो तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर, नदीच्या अंगाला. गच्चीवर गेलो, तरी तिकडेच. मग मी माझं जुनं कसब वापरलं. मेहुण्याच्या घरी जाऊन तिथून पाहिलं. तिथून दांडी वेगळ्या कोनात, पुलाच्या अंगाला वळली. नकाशावर दोन्ही ठिकाणांहून रेघा मारल्या. दोन रेघा जिथं मिळतात ती जागा, हा मोजणीचा पहिला धडा. मिळाल्या. कुठं ते आत्ताच लिहीत नाही. उगाच कुणाचं मन का दुखवा.

मेहुणा म्हणाला, "दाजी, आता तरी डोळे उघडा." मी त्याला गप्प केलं.

बाकी सगळं ठीक. सहज विचारतो, वरच्या खोलीत तुम्ही नवं लोखंडी कपाट घेतलं होतं ना? ते कुठल्या भिंतीला लावलंय?

तुझा,
दादा


२७ मार्च

दादा,

'सहज' विचारलंस म्हणे! एवढं सहज, की वाचताना माझ्या हातातला चहा सांडला.

मी ह्यांचा नकाशा काढला, पट्टी घेतली आणि तुझ्या दोन्ही रेघा मारल्या. तू शिकवलेलं मला अजून येतं. रेघा नदी ओलांडून माझ्या गल्लीत येऊन मिळाल्या. आता सरळ लिही ना, की चिंगे, आईचा गोफ तू नेलास. एवढं लिहायला तुला लोखंडाची मूठ लागली?

आई अंथरुणाला होती तेव्हा मी शेवटचा महिनाभर तिच्याजवळ होते. वहिनीनं दिवसा केलं, मी रात्री केलं. निघताना माझी पिशवी वहिनीनंच भरून दिली, वर आईची एक जुनी शाल ठेवली. त्या शालीवाचून त्या घरातली काडी मी आणलेली नाही. मी शपथा घालणार नाही. भावापुढं शपथ घ्यायची वेळ आली तर मग उरलं काय?

आणि घरात माझ्याशिवाय आणखी कोण कोण येत-जात होतं, कुणाचा भाऊ रोज संध्याकाळी चहाला येत होता, ते तूच मोज. मोजणी तुझी.

तुला खरंच कळून घ्यायचं असेल, तर आमच्या धंद्यात करतात तसं कर. तक्ता बदल. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी सलून आहे, त्याची ती फिरणारी खुर्ची माग. तिच्याभोवती चहाचे डबे गोलात ठेव, टेप लावून, सारख्या अंतरावर. एकात अंगठी घाल, पण तू नाही, दुसऱ्या कुणीतरी, आणि घालणाऱ्यानं खोलीबाहेर जायचं. तू डोळे बांधून बस, सलूनवाला खुर्ची गरगर फिरवील, आणि मग धर तुझी दांडी. किती वेळा बरोबर येते ते लिहून काढ. खोलीत कुणालाच माहीत नसताना जर ती बरोबर डबा दाखवेल, तर मी स्वतः माझं कपाट उघडून देईन.

चिंगी


९ एप्रिल

प्रिय चिंगे,

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचायला घेतलं होतं. 'कुणाचा भाऊ' इथं येऊन अडकलो, पण तोवर तुझ्या वहिनीनं पत्र हातातून काढून घेतलं. वाचलं, घडी घातली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. दोन दिवस भाजीला मीठ नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नये गं.

मी तुझ्यावर आळ घेतला नाही. मी फक्त रेघा मारल्या. रेघेला बहीण-भाऊ कळत नाही. आणि मनात काही नसेल, तर एवढं चिडायचं कारण काय, असं मेहुणा म्हणतो. चोराच्या मनात चांदणं, हेही तोच म्हणाला, मी नाही.

तुझ्या त्या खुर्ची-डब्यांचं यंत्रवाल्याला विचारलं. तो म्हणाला, असल्या परीक्षेत यंत्र बिथरतं. शंकेखोर माणूस जवळ असला की त्याच्या लहरी आड येतात. मला ते तेवढंसं पटलं नाही, खरं सांगतो. पण सलूनवाल्याला काय सांगायचं? गावभर हसं होईल.

त्यापेक्षा आम्हीच रविवारी तुझ्याकडे येतो. मी आणि मेहुणा. एकदा तुझ्या दारातून पाहिलं आणि दांडी दुसरीकडे वळली, की विषय संपला. तुझ्याच भल्याचं आहे.

दादा


१६ एप्रिल

दादा,

रविवारी तू पाणीही न पिता गेलास, म्हणून राहिलेलं बोलणं पत्रात.

मला वाटलं होतं, तू आधी घरात येशील, बसशील. तू आलास तो समोरच्या फुटपाथवर उभा राहिलास, हातात ते यंत्र. माझ्या दुकानापुढं! चपलांचा दुकानदार बाहेर आला, बसथांब्यावरची माणसं वळली. एकानं तर विचारलं, गॅस गळतोय का? मी आतून बघत होते. तुझे डोळे दांडीवर नव्हते रे. माझ्या दारावर होते. आणि मग दांडी आली.

मग आत. पहिल्यांदा ती सोनेरी फ्रेमांच्या कपाटाकडे वळली. त्या फ्रेमांत नखाएवढंही सोनं नाही, नुसता मुलामा. मी तसं म्हटल्यावर लगेच मागं फिरली. माझ्या कानात आईनंच दिलेल्या कुड्या होत्या, त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या काय तुझ्या ओळखीच्या होत्या म्हणून? आणि मग वरच्या खोलीत, लोखंडी कपाट. तू विचारून ठेवलं होतंसच.

मी किल्ली दिली. माझी सून दारात उभी होती, तिच्यासमोर दिली. वहिनीच्या भावानं माझ्या साड्यांच्या घड्या एकेक करून पलंगावर टाकल्या आणि तू बघत राहिलास. तळाशी आईची शाल निघाली तेव्हा तीही झटकलीस. आपल्या आईची शाल, दादा! धूळ झटकायला नव्हे, काही पडतंय का बघायला.

काही पडलं नाही. तेव्हा तुझा मेहुणा म्हणाला, इथून हलवलेलं दिसतंय. आणि तू 'हं' म्हणालास.

ते 'हं' मी मरेपर्यंत विसरणार नाही. मला फार लागलंय. चोर म्हणाला असतास, तर भांडले असते. 'हं'शी कसं भांडायचं?

माझं म्हणणं एकच. ती परीक्षा घे. त्याआधी मला पत्र लिहू नकोस आणि फोनही करू नकोस.

चिंगी


३ मे

प्रिय चिंगे,

सापडला! आईचा गोफ सापडला!

सगळं सांगतो. तुझं पत्र आल्यावर मी बरेच दिवस यंत्राला शिवलो नाही. मग तुझी वहिनीच म्हणाली, "घ्या एकदाची ती परीक्षा. वन्संनी मला बोल लावलाय, तुम्ही त्यांना लावलाय. कुणाचा तरी निकाल लागू दे." मेहुण्याला बोलावलं, तर त्याला अचानक गावाला जायचं काम निघालं.

सलूनवाल्याला सांगितलं. तो हसला नाही, उलट सोमवारी दुकान बंद असतं तेव्हा या म्हणाला. डबे जमवले. तू लिहिलं होतंस, टेप लावून सारख्या अंतरावर. म्हणून दाराआडची मोजणीची थैली काढली. निवृत्त झाल्यापासून तिला हात लावला नव्हता. टेप निघाला, खडू निघाला, ओळंबा काही निघेना. ओळंब्याच्या चामडी पिशवीत काहीतरी बसलं होतं. ओढलं तर आईच्या पातळाचा तुकडा, आणि त्यात गोफ.

मी तिथंच दाराआड खाली बसलो. आईचं डोकं बघ. घरात सगळ्यांच्या पेट्या, कपाटं उघडी. पण दादाच्या थैलीला हात लावायची कुणाची टाप नाही, तुझ्या कानाला विचार! तिला वाटलं असणार, दादा कधीतरी काढीलच. आणि शेवटी तिची वाचा गेली.

आणि चिंगे, यंत्र कुठं अडकवलेलं होतं? त्याच खिळ्याला. थैलीला खेटून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तुझी वहिनी म्हणाली, आणि तिनं ते एकदाच म्हटलं नाही.

तरी परीक्षा घेतली. गोफच घेतला डब्यात घालायला. आधी डोळे उघडे ठेवून, डबा माहीत असताना. दांडी दर वेळी बरोबर, एकदाही चुकली नाही. मग डोळे बांधले, तुझी वहिनी डबा बदलून बाहेर गेली की सलूनवाला आत यायचा आणि मला गरगर फिरवायचा. दांडी एकदा आरशाकडे, एकदा नळाकडे, एकदा सलूनवाल्याच्या पोटाकडे. दहादा केलं, एकदा लागलं. अंदाजपंचे. डोळे बांधले की माझ्या हाताला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

तेव्हा निकाल लागला. यंत्र शुद्ध भामटेगिरी आहे. तू बरोबर, मी चूक. यंत्रवाल्याचा फोन आता लागत नाही. मेहुण्याला मी चांगलं झापणार आहे. सगळा घोळ त्या दांडीनं केला, तुझ्यावरचा डाग धुऊन निघाला, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. रविवारी गोफ घेऊन येतो. सगळं पहिल्यासारखं.

तुझा,
दादा

वन्संना नमस्कार. डबे मीच बदलत होते. तुमच्या पत्रातली ती ओळ मी वाचली होती, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. गोफ मी पुसून ठेवलाय, तुमच्या हातात द्यायला. – वहिनी


१० मे

प्रिय दादा,

गोफ सापडल्याचं वाचून मी दुकानात गिऱ्हाइकासमोर रडले. आईनं तो पातळाच्या तुकड्यात बांधला असेल, तेव्हा तिच्या बोटांना गाठ कशी जमली असेल, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं.

पण तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. तू लिहितोस, सगळा घोळ दांडीनं केला. दादा, तूच तर सिद्ध केलंस की दांडीला काही कळत नाही. डोळे उघडे असले की ती तुला माहीत असेल तिकडे जाते, बांधले की भरकटते. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गच्चीवरून, मेहुण्याच्या घरातून, दर वेळी नदीपलीकडे माझ्या दाराकडे तिला कोण वळवत होतं?

यंत्र खरं निघालं असतं तर एक वेळ बरं होतं. म्हणता आलं असतं, दादा काय करणार, यंत्रानं दाखवलं. ते खोटं निघालं, आणि त्यानंच मला जास्त दुखलं. दांडीत काही नव्हतं. म्हणजे होतं ते तुझ्या हातात होतं. वर्षभर होतं. तुला ते ठाऊकही नसेल, यावर माझा विश्वास आहे. माझे काचेवर आपटणारे आजोबाही लबाड नाहीत.

आता वहिनीसाठी. तिला हे वाचून दाखव, अडखळू नकोस. वहिनी, ते यंत्र माझ्या हातात दिलं असतं, तर दांडी तुमच्याकडे वळली असती. वर्षभर मीही मनात तेच धरून होते आणि एका ओळीत ओकून टाकलं. तुम्ही ती ओळ वाचलीत आणि तरी डबे बदलायला उभ्या राहिलात. मला क्षमा करा. गोफ माझ्याकडे नको. आईचं दिवसाचं तुम्ही केलंत, तो तुमच्याच गळ्यात राहू दे. पहिल्यांदा तो घालून तुम्ही माझ्याकडे या, माझ्या सुनेला बघू द्या.

दादा, सगळं पहिल्यासारखं होणार नाही. मी खोटं कशाला लिहू? कपाट उघडलं की साड्यांच्या घड्या नव्या दिसतात आणि ते 'हं' ऐकू येतं. पण तू माझा एकुलता एक भाऊ आहेस, आणि तू आला नाहीस तर मला करमणार नाही, हेही तेवढंच खरं.

तेव्हा ये. मेहुण्याला आणू नकोस, यंत्र आणू नकोस. आधी घरात ये, बस, पाणी पी. मग खाली दुकानात जाऊ. तुझा नंबर तपासायचा कधीचा राहिलाय. तक्ता मी बदलून ठेवलाय, पाठ केलेलं चालणार नाही. दिसेल तेवढंच वाच. नाही दिसलं, तर दिसत नाही म्हण.

तुझी,
चिंगी